रानगडच्या पाटलाचा पाय

“…मग बाबा, रानगडकरांनी पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून किती वर्षं आवळून ठेवायचं? वीस? पन्नास?”

रखमाजी दिवाण उभ्या उभ्याच विचारत होता. तीन राजांनी मिळून रानगडचं राज्य जिंकलं होतं. रखमाजी त्यांतल्याच एकाचा दिवाण. उद्या सकाळी तिघे राजे तहाला बसणार होते आणि जिंकलेल्या मुलखाचं पुढे काय करायचं, याचा मसुदा रखमाजीच्या हातचा होता. गड पाडायचे, नदी ओलांडायचा उतार एकाला, मिठागरं दुसऱ्याला… सगळं ठरलं होतं. गुरू निंबोबांची शाबासकी तेवढी राहिली होती.

निंबोबांनी वर पाहिलं नाही. हाडं बसवणारे गोसावी ते. त्यांच्यापुढे रानगडचा एक पाटील, खेत्रोजी, मोडकी नडगी घेऊन पडला होता. हाड जागेवर बसलं होतं. बांबूच्या कांब्या बांधायच्या राहिल्या होत्या.

“ही दोरी धर,” निंबोबा म्हणाले. “बांध.”

“मी? याला?” रखमाजीचा आवाज चढला. “माझा धाकटा भाऊ यांच्याच लोकांनी मारला, बाबा.”

“ठाऊक आहे… बांध.”

रखमाजी गुडघ्यावर बसला. दात आवळले, दोरीही आवळली. खेत्रोजीनं हूं की चूं केलं नाही. पण बघता बघता त्याच्या पायाची बोटं काळीनिळी पडली.

निंबोबांनी गाठ सोडली. दोरी पुन्हा रखमाजीच्या हातात दिली.

या खेपेला दोरी सैल पडली. कांब्या घसरल्या.

“नेमकी किती आवळू, बाबा?”

“मला काय विचारतोस? पाय त्याचा आहे.”



रखमाजी मान खाली घालूनच पुटपुटला, “दुखतंय कुठं?”

“घोट्याशी जरा सैल सोडा,” खेत्रोजी म्हणाला. “वर असू द्या तशीच.”

तिसरी गाठ बसली.

दुपारी तिघांनी नाचणीची भाकरी खाल्ली. खाता खाता रखमाजीनं नदीच्या उताराचं कलम वाचून दाखवलं.

“उतार घ्याल हो,” खेत्रोजी म्हणाला, “पण आमची शेतं पल्याड. पेरायला जायचं कुठनं?”

रखमाजीला हे ठाऊकच नव्हतं. त्यानं बोरू काढला, ते कलम खोडलं. मग पुढचं विचारलं. मग त्याच्या पुढचं… उन्हं कलेपर्यंत निम्मा मसुदा बदलला होता. भाऊ गेल्यापासून आज पहिल्यांदाच त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

“उद्या याला डोलीतनं बैठकीला नेतो,” निघताना तो म्हणाला. “पण बाकीचे दोघे राजे भडकतील, बाबा. हरलेला माणूस आपल्या बरोबरीनं बसतो कसा, असं विचारतील. त्यांना काय सांगू?”

निंबोबा हात धूत होते.

“खरं तेच सांग. अजून त्याला उभं राहवत नाही.”