कातळपाड्याचं पहिलं बोलावणं

कातळपाड्याच्या वरच्या अंगाला मोहाची दोन झाडं ओलांडली की सपाट काळा खडक लागतो. त्या खडकावर तीसेक माणसं सहज मावतील एवढं गोल वळण उमटलेलं आहे, हाताच्या वितीएवढं रुंद आणि गुळगुळीत. पावसाळ्यात भोवताली शेवाळ धरतं, फटींतून गवत माजतं. या वळणावर मात्र काही धरत नाही. पाहुणे आले की पाड्यातले म्हातारे वामनबाबा त्यांना इथं घेऊन येतात आणि चपला काढायला लावतात.

‘‘छिन्नी लागलेली नाय याला,’’ ते म्हणतात. ‘‘पायांनी झालंय. नवशीचं रिंगण.’’

किती पिढ्यांपूर्वीची गोष्ट, हे बाबांनाही सांगता येत नाही. त्यांच्या आजोबांनी ती आपल्या आजोबांकडून ऐकली होती.

तेव्हा पाड्यात धाकल्या नावाचा तारपकरी होता. वाळल्या दुधी भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडपानाच्या भोंग्याचा तारपा तो स्वतः बांधायचा. एकदा तोंडाला लावला की उन्हं कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्याचा सूर तुटत नसे म्हणे. तो मधोमध वाजवत फिरायचा आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून सगळा पाडा त्याच्याभोवती फिरायचा. त्याची बायको नवशी रांगेच्या टोकाला असे. चाल बदलायची वेळ आली की धाकल्या नुसता तिच्या पायांकडे बघायचा. लग्नाआधीही तो तसाच बघायचा, आणि त्यातूनच लग्न झालं, असं सांगतात.

नवशी पाड्याची सुईण. कोण कुठल्या पावसात जन्मलं, कोण पायाळू, कोणी पहिलं रडायला वेळ लावला, सारं तिला पाठ होतं.

म्हातारपणी मात्र ती एकेक विसरायला लागली. आधी नावं गेली, मग वाटा. एकदा तिनं पाण्याच्या मडक्यात तांदूळ ओतले. एकदा परक्या दारात बसून राहिली आणि घरी चल म्हटलं तर उठेना. मग खाणं कमी झालं, झोप उडाली, बोलणं जवळजवळ बंद झालं. चैत्रातल्या एका सकाळी धाकल्यानं तिच्यापुढे भाकर ठेवली, तेव्हा तिनं कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाबा, तू कोणच्या पाड्याचा?’’

 धाकल्या उठून बाहेर गेला आणि दुपारपर्यंत बांधावर बसून राहिला.

वैशाखात उन्हानं तारप्याच्या सांध्यांचं मेण पातळ झालं, म्हणून त्यानं तो आढ्यावरून खाली काढला. पीक उभं राहिल्याशिवाय तारपा वाजवायचा नाही, असा पाड्याचा नेम. त्याला वाजवायचा नव्हताच. सांध्यातून हवा जाते का, एवढंच बघायचं होतं. त्यानं फुंकर मारली. मग सवयीनं दुसरी मारली आणि बोटं आपोआप जुन्या चालीवर पडली.

नवशी भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. तिचा डावा पाय पुढे पडला, उजवा त्याला जुळला, गुडघे लवले. धाकल्याला वाटलं, तोल जातोय. तो थांबला, तशी तीही थांबली आणि रागानं त्याच्याकडे बघू लागली. त्यानं पुन्हा सूर धरला. दोन फेऱ्या झाल्यावर जिथं चाल बदलते, तिथं तिनं टाच आपटली. सूर बदलायच्या आधीच.

त्या रात्री ती पोटभर जेवली आणि झोपली. सकाळी उठून तिनं विचारलं, ‘‘पाणी भरलं का?’’ कितीतरी दिवसांनी घरात तिचा आवाज ऐकू आला होता.

त्याच दुपारी तिचा हात धरून धाकल्या या कातळावर आला. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. मग पाड्यात कुजबुज सुरू झाली आणि भगत काकड्या चार माणसं घेऊन वर आला. काकड्या वाईट माणूस नव्हता. पाड्याची काळजी वाहणं हेच त्याचं काम होतं.

‘‘धाकल्या, पीक उभं नाय आणि तारपा खाली कसा?’’

‘‘पिकासाठी नाय वाजवत.’’

‘‘अवेळी वाजवणाऱ्याचा श्वास देव मागून घेतो. तुला माहीत हाय.’’

धाकल्या नवशीकडे बघत म्हणाला, ‘‘मागू दे. मी देतो म्हणून सांग त्याला. पाड्यावर काही येऊ देऊ नको, सगळं माझ्यावर घाल. पण ही चालते-फिरते तोवर मी वाजवणार.’’

काकड्यानं ते बोलणं देवापुढे ठेवलं. त्यानं तारपा हिसकावला नाही, पण रिंगणात दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही असं बजावलं. मग रोज उन्हं कलली की दोघंच वर यायची. रांग नाही, कमरेला हात नाही. एक वाजवणारा, एक नाचणारी.

त्या उन्हाळ्यात जिवली नावाच्या बाईचं तान्हं पोर गेलेलं होतं. ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. एका दुपारी ती लाकडांच्या निमित्तानं मोहाखाली आली आणि बघत उभी राहिली. फिरत फिरत नवशी तिच्याजवळ आली. तिनं विचारलं काही नाही, समजावलंही नाही. कोण आहे हे तिला ओळखू येणंच शक्य नव्हतं. तिनं नुसता जिवलीच्या कमरेला हात घातला आणि तिला ओढून नेलं.

जिवली दगडासारखी फिरली म्हणे. अर्ध्या फेरीनंतर पाय जुळले, आणि मग ती रडायला लागली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच. रडत होती तरी पाय चुकत नव्हते. काकड्या लांबून बघत होता. तो तसाच खाली निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या म्हाताऱ्या आंधळ्या आईला पाठीवर घेऊन आला.

भात कापणीला आलं तोवर रिंगण भरलं होतं. नवशीला नावं परत आली नाहीत. पण ती हसायची, जेवायची, कातळावरून एकटी घरी जायची. एकदा नाच संपल्यावर तिनं घाम पुसणाऱ्या धाकल्याला निरखून पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, ‘‘हा आपलाच हाय.’’ धाकल्याला तेवढं पुरलं.

त्याचा श्वास मात्र खरंच सरत चालला होता. भर कापणीच्या नाचात एके दिवशी सूर मधेच तुटला. तारपा मांडीवर घेऊन तो मटकन खाली बसला. रांग थबकली. नवशी थांबली नाही. तिच्या टाचा कातळावर पडत राहिल्या, एक दोन, एक दोन, आणि त्या आवाजावर बाकीचे पुन्हा हलले. फिरत ती धाकल्याजवळ आली, त्याला दंडाला धरून उठवलं, त्याचा हात आपल्या कमरेवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘चल.’’

जन्मभर मधोमध उभा राहिलेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा रांगेत फिरला. पुढे तो दोन पावसाळे जगला. तारपा त्यानं पुन्हा तोंडाला लावला नाही. तो जिवलीच्या नवऱ्याला शिकवला. नवशी त्याच्यामागून गेली, तीही नाचाच्याच दिवसांत, असं सांगतात.

आजही कातळपाड्यात नवं भात घरात आलं की तारपा लगेच सुरू होत नाही. वर्षभरात ज्याचं माणूस गेलं, जो घराबाहेर पडेनासा झाला, ज्याला आपलं-परकं ओळखू येईनासं झालं, त्याच्या दारात आधी बायका जातात. त्या काही विचारत नाहीत, धीरही देत नाहीत. कमरेला हात घालतात आणि वर घेऊन येतात. तोवर तारपकरी हातात तारपा धरून उभा असतो. याला पहिलं बोलावणं म्हणतात.

एवढं सांगून झाल्यावर पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, असं खरंच अजून होतं का.

वामनबाबा चपला घालायला वाकतात.

‘‘गेल्या साली माझ्या दारात आल्या होत्या,’’ ते म्हणतात.