दरबारात बसलेला जासूद

फार फार वर्षांपूर्वी, पत्रं माणसांच्या पायांनी चालायची तेव्हाची ही गोष्ट.

एक डोंगराळ राज्य होतं. तिथले घाट इतके अवघड, की घोडेही माघारी फिरत. म्हणून राजाची पत्रं जासूद न्यायचे. पाठीला थैली, हातात घुंगरांची काठी. घुंगरं वाजली की वाटेवरचे लोक आपसूक बाजूला होत.

असे बारा जासूद होते. त्यांच्यात हैबती सर्वांत चपळ. त्याला पळणं मनापासून आवडायचं. चढणीवर इतरांना धाप लागे, तिथे हा गाणं म्हणत जाई.

एके वर्षी राज्यात नवे कारभारी आले. जासूद मधल्या चौकीवर टेकतात, पाणी पितात, चार शब्द बोलतात, हे त्यांनी पाहिलं.

"बारा कशाला हवेत? सात पुरे," ते म्हणाले.

पाच जणांना घरी पाठवलं. पत्रं मात्र होती तेवढीच राहिली, उलट वाढली. कारभाऱ्यांनी वेशीवर घटिकापात्र ठेवलं. पाण्यातलं ते भांडं बुडायच्या आत जो पोचणार नाही, त्याच्या नावाने नगारा वाजायचा. मग त्या जासुदाने दिवसभर वेशीत उभं राहायचं. येणारेजाणारे बघत, हसत.

हैबतीच्या नावाने नगारा एकदाही वाजला नाही. पण तो त्याला सगळीकडे ऐकू येऊ लागला.

बायको भाकरी थापायला बसली, की त्या थापेने तो दचकून उठे. जेवताना घास हातात तसाच राही. अंथरुणावर पडल्या पडल्या पाय आपोआप हलत. गाणं तर कधी बंद झालं, त्याचं त्यालाच कळलं नाही. एकदा त्याच्या धाकट्या लेकीने मागून येऊन त्याचे डोळे झाकले. खेळच तो. पण हैबतीने तिला इतक्या जोरात झटकलं, की पोर उंबऱ्यावर आपटली. त्या दिवसापासून बाप घरात आला की ती परसात जाऊन बसे.

"अहो, तुम्ही असे नव्हतात," बायको चांगुणा म्हणाली.

"मला काय धाड भरलीय? ताप नाही, पाय धड आहेत."

"मी पायांचं म्हणतच नाही."

हैबती वैद्याकडे गेला. वैद्याने नाडी पाहिली आणि पाठ थोपटली. "ठणठणीत आहेस. पळ!" शेजारी म्हणाले, "राजाची चाकरी आहे. आणखी काय हवं माणसाला?" मग हैबतीलाही वाटू लागलं, आपणच कुठेतरी कमी पडतोय. लाजेने त्याने बोलणंच सोडलं.

एका दुपारी तो थैली घेऊन घाट चढत होता. मधल्या चौकीपाशी आला आणि त्याची छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. समोर ओळखीची वाट होती, पण ती कुठे जाते हेच आठवेना. तो मटकन खाली बसला.

तेव्हा त्याच्या मनात एक विचार आला. पाय मोडला तर? मोडलेला पाय सगळ्यांना दिसेल. मग कुणी हसणार नाही, कुणी पळायला सांगणार नाही.

शेजारी एक मोठा धोंडा पडला होता. हैबतीने तो दोन्ही हातांनी उचलला, उजवा पाय पुढे केला आणि डोळे मिटले.

"उजवा नको मोडूस, पोरा. उजवा मी मोडला होता."

हैबतीने डोळे उघडले. चौकीत पाणी भरणारा म्हातारा नाईक काठी टेकत, लंगडत त्याच्याकडे येत होता. हा नाईक एके काळी जासुदांचा म्होरक्या होता. तो कड्यावरून पडला आणि अधू झाला, असंच सारं राज्य समजत होतं.

"नाईक, तुम्ही तर पडला होतात..."

"लोकांना तसं सांगितलं. तेव्हाही असेच एक कारभारी होते. असाच धोंडा होता." नाईक त्याच्याजवळ बसला. "हाड तीन महिन्यांत जुळलं रे, वाकडं का होईना. आतलं काही जुळलं नाही. आजही खालून घुंगरं वाजली की माझं पाणी सांडतं. मी पाय मोडला, पण तोंड उघडलं नाही. चूक झाली ती तिथे."

हैबतीने हातातला धोंडा दरीत भिरकावून दिला.

त्या दिवशी तो पळाला नाही. एकेक पाऊल टाकत, सावकाश चालत तो राजधानीत पोचला. भांडं केव्हाच बुडालं होतं. नगारा वाजू लागला. हैबती वेशीत थांबला नाही, सरळ दरबारात गेला. त्याने राजापुढे थैली ठेवली आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

त्या दरबारात राजाखेरीज कुणी बसत नसे.

"ऊठ!" कारभारी ओरडले. "महाराज, याला ना ताप, ना जखम. शुद्ध कामचुकारपणा आहे हा!"

"जखम आहे," हैबती म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण नजर खाली गेली नाही. "ती दिसावी म्हणून आज मी माझा पाय ठेचायला निघालो होतो. महाराज, मला झोप येत नाही. माझी लेक मला भिते. तुमच्या राज्यातला सर्वांत चपळ माणूस आज वाटेतच वाट विसरला. यापुढे मी असा पळणार नाही."

"बेड्या घाला याला!" कारभारी गरजले.

"घाला. बेड्या घातलेल्या माणसाला कुणी पळ म्हणत नाही."

दाराशी दुसरा एक जासूद उभा होता. तो आत आला आणि हैबतीशेजारी बसला. मग तिसरा आला. मग चौथा. गावात होते तेवढे सगळे येऊन बसले. शेवटी वेशीवरचा नगारा थांबला आणि नगारा वाजवणारा माणूसच आत आला.

"महाराज, नगाऱ्याचं टिपरू मी खाली ठेवलंय. रोज कुणाची तरी अब्रू माझ्या हातून जाते. मलाही बसू द्या."

राजाने सगळ्यांकडे पाहिलं. हळू आवाजात त्याने विचारलं, "आपला पाय मोडावा, असं तुमच्यातल्या कुणाकुणाच्या मनात आलं होतं?"

एकेक करत सगळ्यांचे हात वर झाले.

राजाने मान खाली घातली. "पत्रं वेळेवर येत होती, म्हणून मी कधी विचारलंच नाही. दोष कारभाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्याहून जास्त माझा."

त्याच दिवशी घटिकापात्र आणि नगारा वेशीवरून उतरले. कारभाऱ्यांचं पद गेलं. घरी पाठवलेले पाच जासूद सन्मानाने परत आले, आणि चौकीवरची विश्रांती जासुदांचा हक्क ठरली. राजाने हैबतीला सोन्याचं कडं देऊ केलं. "उद्यापासून तू सगळ्यांचा म्होरक्या," तो म्हणाला.

"कडं नको, महाराज. आणि उद्या तर मुळीच नको," हैबती म्हणाला. "मन बरं होईतो मी घरी राहणार. बरा झालो की माझा मी येईन."

राजदरबारात राजाला 'नाही' म्हणून तो घरी गेला.

तो लगेच बरा झाला, असं मात्र नाही. काही दिवस चांगले जात, काही वाईट. पण तो आता लपवत नसे. छाती धडधडली की चांगुणाला सांगे, आणि ती हातातलं काम टाकून जवळ बसे. चार महिन्यांनी एका सकाळी तो शेताच्या बांधावर बसला होता. लेक हळूच मागून आली, त्याच्या पाठीला पाठ लावून बसली आणि चिंचा खाऊ लागली. हैबती हलला नाही. बऱ्याच वेळाने तिने एक चिंच मागे त्याच्या हातात दिली.

तात्पर्य : मनाची जखम दिसत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि जे काम माणसाला आतून मोडतं, त्याला ताठ मानेने 'नाही' म्हणणं हा कामचुकारपणा नव्हे.