पाच वर्षांचा वाफा

“पण भंते, कंद काढायचे की नाही, एवढंच सांगा ना.”

भंते काही बोलले नाहीत.

मी तिसऱ्यांदा विचारत होते. पहिल्यांदा नीट विचारलं होतं, दुसऱ्यांदा थोडं समजावून, आणि आता सरळ मागेच लागले होते.

...

तळेगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, पत्र्याचं छप्पर असलेला एक छोटा विहार आहे. भंते तिथे एकटेच राहतात. चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी तीस वर्षं ते एका रोपवाटिकेत माळी होते, त्यामुळे फुलझाडांचं काही अडलं की आमच्या ओळखीतले सगळे म्हणतात, भंतेंना विचार.

म्हणून मी आणि आई सकाळीच निघालो होतो. आईच्या हातात भोजनदानाचा डबा. माझ्या पिशवीत बागेचा नकाशा.

नकाशाचं जरा सांगते, कारण त्यावर माझे दोन महिने गेले होते. चिंचवडला आमच्या घरामागे अर्धा गुंठा मोकळी जागा आहे. तिथे मला कट फ्लॉवरची बाग करायची होती. म्हणजे झाडावर ठेवून बघत बसायची फुलं नाहीत. लांब दांड्याची, कापायची, घरात ठेवायची, कोणाकडे गेलं की घेऊन जायची.

मागे ग्लॅडिओलस. मध्ये दोन्ही बाजूंना ॲस्टर आणि शेवंती. पुढे झिनिया, कडेनं गोल्डन रॉड. ग्लॅडिओलसचे कंद सगळे एकदम नाही लावायचे, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावायचे, नाहीतर सगळी फुलं एकाच आठवड्यात येऊन संपतात. ऊन कुठून कुठे सरकतं हे बघायला मी एक अख्खा रविवार गच्चीवरून तासातासाला फोटो काढले होते. लिटरली अडतीस व्हिडिओ बघितले होते. आणि मग हे सगळं चौकटीच्या कागदावर, स्केचपेननं रंगवून.

खरं सांगायचं तर मला वाटत होतं की भंते कागद बघून म्हणतील, वा.

भंतेंनी कागद बघितला. सावकाश बघितला, कडेपासून कडेपर्यंत.

“मधली चौकट रिकामी का?”

“रिकामी नाही ती,” मी म्हणाले. “बाबांचा वाफा आहे तो. निशिगंध.”

...

बाबांनी तो वाफा पाच वर्षांपूर्वी लावला. पहिली दोन वर्षं असा फुलायचा की हंगामात दर पौर्णिमेला बाबा भंतेंच्या या विहारात दांडे घेऊन जायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून, स्कूटरच्या पुढे आडवे धरून. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बाबा गेले. त्या वर्षी थोडे दांडे आले. त्यानंतर दोन वर्षं एकही नाही. नुसती पात. लांबून बघितलं तर कोणी म्हणेल गवत वाढलंय.

का येत नाहीत ते मला माहीत होतं. निशिगंधाचे कंद तीन वर्षांनी काढावे लागतात, सुटे करून परत लावावे लागतात. नाहीतर खाली इतकी दाटी होते की कोणालाच दांडा येत नाही. अडतीसपैकी सहा व्हिडिओत हेच सांगितलं होतं.

आईला मी हे चार महिने सांगत होते.

आई भांडायची नाही. ती म्हणायची, त्यांनी हातानं लावलंय, तू हात लावायचा नाहीस. आणि उठून आत जाऊन कुकर लावायची. बाहेर मी आणि माझा मुद्दा, दोघंच. संध्याकाळी मात्र पाइप घेऊन वाफ्याशी उभी. एक दिवस चुकवला नाही तिनं. तिला वाटतं, पाणी कमी पडतंय.

शेवटी एकाच गोष्टीवर आमचं जमलं. भंते म्हणतील तसं. काढा म्हणाले तर काढायचे, राहू द्या म्हणाले तर मी परत विषय काढायचा नाही, आणि मधली चौकट तशीच ठेवून बाजूनं बाग करायची.

म्हणून मी तिसऱ्यांदा विचारत होते. आई मागे खांबाला टेकून बसली होती.

...

“त्यांच्या तोंडून नाही निघायचं ते,” पायरीवरून सोजरबाई म्हणाल्या.

सोजरबाई शेजारच्या वस्तीत राहतात. विहाराची झाडलोट, भंतेंना काय हवं नको, आणि ही बाग, सगळं त्या बघतात. बसल्या बसल्या सुपात शेंगा सोलत होत्या.

त्यांनीच मला समजावलं. भिक्खूनं माती खणायची नाही. झाडाचं पान तोडायचं नाही. आणि दुसऱ्याला खण, तोड असं सांगायचंही नाही. तसा नियमच आहे.

मला हे माहीत नव्हतं. आम्ही दर पौर्णिमेला विहारात जाणारी माणसं, आणि मला माहीत नव्हतं. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातून मी नेमका असा माणूस शोधून काढला होता, ज्याला सगळं येतं आणि ज्याला सांगता येत नाही.

“मग इथली बाग कशी होते?” मी विचारलं.

“होते की. हे नुसतं विचारतात, सोजरबाई, त्या फांदीकडे बघितलंत का. मग मी बघते. मग कात्री आणते.” त्यांनी एक शेंग फोडली. “एकदा भलत्याच फांदीकडे बघितलं मी. छाटून मोकळी. दोन दिवस हे त्या बुंध्यासमोर बसून होते. बोलले काय नाहीत.”

भंते हसले. आवाज न करता, खांदे हलवून.

मी म्हणाले, निदान मान तरी हलवा. हो असेल तर.

मान हलली नाही.

मग मला एकदम सुचलं. भंतेंना आपण जेवायचं आमंत्रण देतो तेव्हा ते हो म्हणत नाहीत, गप्प बसतात. तेच हो असतं. मग हे गप्प बसणंही होच झालं ना? मला माझंच फार कौतुक वाटलं. वकील व्हायला हवं होतं मी.

“जेवणाचं गप्प बसणं वेगळं,” सोजरबाई म्हणाल्या. “हे नुसतं गप्प बसणं आहे.”

मागे आई हसली का काय, मला कळलं नाही. मी वळून बघितलं तेव्हा ती पदर नीट करत होती.

...

भंतेंनी कागदाची घडी घातली. माझ्यासमोर ठेवली.

“तुला वाफा वाचवायचाय,” त्यांनी विचारलं, “की जागा हवीय?”

मी तोंड उघडलं. वाचवायचाय, असं म्हणायचं होतं. चार महिने मी तेच म्हणत होते. वाफा मरतोय आई, वाचवायला हवा.

त्या चौकटीवर सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन असतं. बाकी कुठेच इतकं नसतं. माझ्या फोटोंत दिसतं ते.

“दोन्ही,” मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं.

...

मी कागद उचलून पिशवीत टाकला.

भंतेंनी दारातून बाहेर बघितलं. आवाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळं पडलेलं दिसत होतं.

“सोजरबाई, त्या कोपऱ्याकडे बघितलंत का?”

सोजरबाईंचे हात थांबले. “आज?”

भंते गप्प.

सोजरबाईंनी आईकडे एकदा बघितलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या, आणि भिंतीला टेकवलेली कुदळ घेऊन कोपऱ्याकडे गेल्या.

मला वाटलं, माझा विषय संपला. मी पण उठून त्यांच्या मागे गेले. एका जागी बसवत नव्हतं, आणि आईच्या समोर तर नाहीच.

कोपऱ्यात निशिगंधाची एक ओळ होती. फेब्रुवारी संपत आलेला, पात पिवळी होऊन आडवी पडलेली.

“साळवेदादांनी लावलेली आहे ही,” सोजरबाई मला म्हणाल्या. साळवेदादा म्हणजे बाबा. “गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. इथंच बसले होते, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. मला म्हणाले, सोजरबाई, तीन वर्षं झाली की काढा. तीन झाली.”

त्यांनी कुदळ उचलली.

“थांबा.”

आई कधी मागे येऊन उभी राहिली, मला कळलंच नाही. चप्पल न घालताच आली होती.

“यांनी लावलंय ना ते?” आई म्हणाली.

“हो.”

“मग राहू द्या.”

सोजरबाईंनी कुदळ खाली टेकवली. भंतेंकडे बघितलं. भंते पायरीवर येऊन उभे होते. ते सोजरबाईंकडे बघत नव्हते, ओळीकडेही नाही. ते आईकडे बघत होते, कशाचीच घाई नसल्यासारखे.

मी काहीतरी बोलणार होते. बाबांनीच सांगितलंय असं, आई. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, आणि ते बोलले असते तर मी जिंकले पण असते. का कोण जाणे, नाही बोलले.

आई खाली बसली. पिवळ्या पातीवरून हात फिरवला तिनं, जसा घरी फिरवते. मग मातीवर हात ठेवला. तसाच ठेवला.

“त्यांनी लावलेला कंद आहे ना यात अजून?” तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता. “दाखवता मला? बघायचाय.”

...

सोजरबाईंनी लांबून कुदळ घातली, कंद कापला जाऊ नये म्हणून. दोन बाजूंनी माती सैल केली. मग दोन्ही हातांनी गड्डा वर ओढला.

मी कंद फक्त स्क्रीनवर बघितले होते. धुतलेले, एकेक सुटा, पांढऱ्या कापडावर ठेवलेला. हे तसं काही नव्हतं. लसणाच्या मोठ्या गड्ड्यासारखं काहीतरी, मातीनं माखलेलं. वीसेक तरी कंद असतील, एकमेकांत रुतलेले. काही दाबले जाऊन चपटे झालेले. काहींची मुळं दुसऱ्याच्या अंगातून गेलेली.

सोजरबाईंनी तो गड्डा आईच्या ओंजळीत ठेवला.

आईनं त्याची माती काढली. पदरानं नाही, बोटांनी. एकेका कंदावरून.

“यातला त्यांनी लावलेला कुठला?”

सोजरबाईंनी अंगठे घालून गड्डा उकलला. कट कट आवाज झाला. बाहेरचे कंद सुटे होऊन आईच्या मांडीवर पडले. अगदी आत, मधोमध, एक तपकिरी साल होती. सोजरबाईंनी ती दोन बोटांत धरून दाबली. ती आत गेली. आत काही नव्हतं.

“हा,” त्या म्हणाल्या. “ज्याला एकदा दांडा येऊन गेला, तो परत नाही फुलत. हा पहिल्याच वर्षी फुलला, झालं त्याचं. ही सगळी त्याच्या अंगाला आलेली पोरं.”

आईनं ती साल हातात घेतली.

हे पण होतं व्हिडिओत. मी ऐकलं होतं. मी वहीत लिहिलं होतं, मुख्य कंद एकदाच फुलतो, खाली रेघ पण मारली होती. आईला मी दाटीचं सांगितलं, मापं सांगितली, महिने सांगितले. हे नव्हतं सांगितलं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

...

सोजरबाई कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मांडीवरचे कंद आईनं पडू दिले नाहीत, एका हातानं अडवून धरले होते. दुसऱ्या हातात ती साल.

तिनं मान वर केली नाही.

“मग भंते,” ती म्हणाली, “घरी मी रोज पाणी घालते, ते कोणाला?”

...

“ज्यांना जागा नाही,” भंते म्हणाले, “त्यांना.”