मुकी वेस

फौजेची बातमी आली त्या दिवशी भोरणीत सूत वाळत होते, एवढे सगळे सारखे सांगतात. गुरुवार होता. कोष्टी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबड्या लडी टांगल्या होत्या आणि त्यांच्याखालून मुले पळत होती. पुढचे सांगणाऱ्यागणिक थोडे बदलते. मी लिहितो आहे ते दशरथमामा म्हेत्र्यांनी सांगितलेले.

ही वेस भोरणी शहराच्या उत्तरेला आहे. कमान मोठी नाही. आतला बोळ दोनदा वळतो, हत्तीला धडक देता येऊ नये म्हणून. त्यामुळे भर दुपारीही मधल्या टप्प्यात काही दिसत नाही. दारे नाहीत, दगडात रोवलेल्या लोखंडी बिजागऱ्या तेवढ्या आहेत. डाव्या भिंतीवर, कमरेच्या जरा खाली, एक गुळगुळीत पट्टा आहे आणि तो भिंतीबरोबर दोन्ही वळणे घेतो. या वेशीत कुणी कुणाला हाक मारत नाही. बरोबरची माणसे मोजायची तर डोक्यावर हात ठेवून मोजतात. म्हणून ती मुकी वेस.

मला हे माहीत नव्हते. तिन्ही मुलांना घेऊन शहर दाखवायला मी एकटा पहिल्यांदाच निघालो होतो. सकाळी वस्तुसंग्रहालय झाले, घंटाघर झाले. थोरला ओजस दहा वर्षांचा आहे. तो बोलत नाही. घंटा वाजली तेव्हा तो कानांवर हात ठेवून पायरीवर बसला आणि उठायला त्याला अर्धा तास लागला. मुले मोजायचे काम त्यांची आई करत असे. मागच्या दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले. मी हजेरी घेतो.

बोळातून बाहेर आलो तेव्हा उन्हाने डोळे दिपले होते. मागे न पाहताच मी सुरुवात केली.

“मल्हार?”

“हजर! बाबा, मला वडापाव पाहिजे.”

“रेवा?”

“हजर.”

“ओजस?”

“दादा आहे, बाबा,” रेवा म्हणाली. ती सात वर्षांची आहे. भावाच्या वतीने तीच बोलते. आम्हीच तिला तसे शिकवले आहे.

बाहेरच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते काठी तशीच टाकून उठले.

“कुठं आहे? दाखव बघू,” ते रेवाला म्हणाले.

रेवाने मागे पाहिले. मागे कुणी नव्हते.

ते माझ्या आधी आत शिरले. ओजस दुसऱ्या वळणावर होता. भिंतीवरच्या त्या पट्ट्यावर तळवा टेकवून तो पुढे-मागे चालत होता. म्हाताऱ्यांनी हाक मारली नाही, हात धरला नाही. त्याच्या शेजारून चालत राहिले, तो आपणहून उन्हात येईपर्यंत. मग मी रेवाकडे वळलो, तसे ते म्हणाले, “पोरीला एक शब्द बोलायचा नाही. बसा इथं. आधी पाणी प्या.”

ते दशरथमामा. त्यांनी सांगितले ते असे.

कोष्टी गल्लीत भागाई नावाची विधवा राहत होती. बायका मागावर बसल्या की गल्लीतली पोरे ती सांभाळी. तिचा मुलगा सोमा सहा-सात वर्षांचा. त्याला ऐकू येत असे, पण तो बोलत नसे. दिवस कलला की भागाई मुलांना ओळीत बसवी, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवी आणि मगच घरोघर सोडी. शेजारची गंगी सोमाच्याच वयाची. सोमाला काही विचारले की उत्तर गंगी देई. भूक लागली का रे? “सोम्याला लागलीय.” सोमा कुठे आहे? “सोमा आहे.” मोठ्या माणसांनीच तिला सांगून ठेवले होते, की तू त्याच्यासाठी बोलत जा. गल्लीला तिचे फार कौतुक होते.

त्या गुरुवारी दुपारी बातमी आली की फौज दोन कोसांवर आहे. शहराचा बंदोबस्त पाहणाऱ्या हवालदाराने हुकूम काढला. मुलांना उत्तरेच्या वेशीने डोंगरात काढा. ती गेली की बाहेरच्या दाराला अडसर घाला आणि बोळाचे शहराकडचे तोंड दगडांनी चिणून टाका.

भागाईने अकरा पोरांच्या हाती सुताची एक लांब लड दिली. लड नुकतीच रंगवलेली होती, ओली होती. ती धरून सगळी बोळात शिरली आणि वर बुरुजावर नगारा सुरू झाला. सोमाला नगारा सोसत नसे. त्याने लड सोडली, कान झाकले आणि वळणावरच्या कोनाड्यात जाऊन बसला. अंधारात ते कुणाला दिसले नाही.

दाराशी पहारेकरी ओरडत होते, “आटपा, बाई, आटपा!” डोक्यावर हात ठेवत बसायला वेळ नव्हता. भागाईने आयुष्यात त्या एकाच दिवशी हाका मारून पोरे मोजली असे सांगतात. एकेक “हो” आला. सोमाचे नाव घेतले तेव्हा गंगी सवयीने म्हणाली, “सोमा आहे.”

ओढ्यापलीकडे गेल्यावर भागाईने मुलांना बसवले आणि डोक्यांवर हात ठेवला. दहा भरली. तिने पुन्हा पहिल्यापासून ठेवला. मग ती माघारी धावली. दार लागले होते. तिने दगडाने दार बडवले, पण वर नगारा चालू होता. अडसर घालून पहारेकरी धावत परत गेले, ते कोनाड्यावरूनच. आणि शेवटचा दगड बसवण्याआधी गवंड्यांनी तीनदा विचारले होते म्हणे, आत कुणी आहे का? उत्तर आले नाही.

वेढा एकोणीस दिवस चालला. तो उठल्यावर चिणलेले तोंड फोडले. सोमा कोनाड्यात बसलेला होता. डाव्या भिंतीवर, त्याच्या हाताच्या उंचीला, या दारापासून त्या दगडांपर्यंत तांबडा पट्टा उमटला होता. ओल्या सुताचा रंग त्याच्या हाताला लागला होता.

“किती फेऱ्या मारल्या असतील, ते लोक सांगतात काहीबाही,” मामा म्हणाले. “आम्ही आकडा सांगत नाही.”

हवालदाराने भागाईला जमीन देऊ केली. तिने वेशीची दारे मागितली. ती उतरवून तिने रंगाच्या भट्टीखाली जाळली. पुढे मरेपर्यंत ती या ओट्यावर बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर न बोलता हात ठेवी. हवालदारही मान वाकवून उभा राही. गवंडी येत, पहारेकरी येत. तिने कुणाला टाळले नाही.

गंगी रोज येई. मान खाली घालून ओट्यापुढे उभी राही. भागाईचा हात उठत नसे. बावीस वर्षे उठला नाही. गंगीचे लग्न झाले, तिने आपली पोरे आणून उभी केली. त्यांच्या डोक्यांवरही तो आला नाही. भागाई गेली आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर गंगी येऊन बसली.

“गंगीला कुणी रागावलं का?” रेवाने विचारले.

“नाही ग बाई. कुणीच रागावलं नाही. त्या गोष्टीचं तिच्याशी कुणी कधी बोललंच नाही.” मामा म्हणाले. “ती आमची. तिच्या घरचे आम्ही. तेव्हापासून ओटा आमच्याकडे. आम्ही सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवतो. आमच्या डोक्यावर कुणी ठेवत नाही.”

मग त्यांनी रेवाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ ठेवला. मल्हारच्याही ठेवला. ओजसला डोक्याला हात लावलेला चालत नाही. त्याच्या आईचा चालत असे. मी तसे सांगितल्यावर मामांनी आपला तळवा उलगडून पुढे धरला. ओजसने बऱ्याच वेळाने आपला तळवा त्यावर टेकवला आणि लगेच उचलला.

“झाला मोजून,” मामा म्हणाले.

आजही मुक्या वेशीला दारे नाहीत. तांबडा रंग केव्हाच गेला आहे, पट्टा मात्र पोरांच्या हातांनी गुळगुळीत होतो आहे. ओट्यावर म्हेत्र्यांच्या घरातले कुणीतरी असते.

आम्ही निघालो तेव्हा मल्हारच्या सँडलचा पट्टा सुटला होता. तो लावायला मामा माझ्यापुढे खाली वाकले. त्यांनी टोपी काढून ठेवली होती. आपल्यात वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवत नाहीत. पण ते पट्टा लावून झाल्यावरही लगेच उठले नाहीत. मला हात ठेवता आला असता. मी ठेवला नाही.