वारुळातला वारा

झाडापाखरांचं बोलणं माणसाला कळत होतं, त्या काळातली ही गोष्ट. दौलू गवंड्याला गावाचं बियाणं ठेवायला कोठार बांधायचं होतं. चिवट मातीसाठी तो कुदळ घेऊन माळावरच्या वारुळापाशी गेला. तेवढ्यात आतून एक म्हातारी वाळवी बाहेर आली.

"माती ने बाबा," ती म्हणाली. "पण फोडण्याआधी एकदा आत हात घालून बघ."

"वारुळात हात घालायला मी काय खुळा आहे? आत नाग असला तर?"

"इथं आम्हीच राहतो."

दौलूने ऐकलं नाही. त्याने वारूळ फोडलं आणि माती नेली.

कोठार टणक झालं. भिंतीत सुई शिरेल एवढीही फट नव्हती, याचा दौलूला फार अभिमान होता. पण पेरणीच्या तोंडावर दार उघडलं, तेव्हा आतून आंबूस वाफ आली. सगळी ज्वारी काळी पडली होती. बायका रिकामी सुपं घेऊन परत गेल्या.

दौलू पुन्हा माळावर गेला. वाळव्यांनी वारूळ परत उभं केलं होतं. भीत भीत त्याने आत हात घातला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मात्र गारवा होता. खालून वर जाणारी झुळूक त्याच्या बोटांना लागली.

"तू नुसती माती नेलीस," म्हातारी म्हणाली. "वारा इथंच राहिला."

दौलूने हात बाहेर काढला नाही. तिन्हीसांज होईपर्यंत तो तिथंच बसून वाऱ्याची वाट चाचपत राहिला.