अध्यक्षांचं ताट

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बेलसरेसाहेब. ओला-सुका कचरा वेगळा ठेवा म्हटलं, की अंगावर यायचे, "कशाला? गाडीत शेवटी सगळं एकच होतं!" परवा त्यांच्याच बादलीतल्या फुटक्या काचेनं कचरा उचलणाऱ्या सुगंधाबाईंचा तळहात कापला. साहेबांनी साधी चौकशी केली असेल? नाव नको!

गणपतीच्या पंगतीत कुमुदकाकू वाढायला होत्या. त्यांनी साहेबांच्या ताटातल्या श्रीखंडावर आमटी ओतली आणि भात, लोणचं, चटणी घालून सगळं कालवलं.

"हा काय घाणेरडेपणा?" साहेब ओरडले.

"का? पोटात शेवटी सगळं एकच होतं ना?" काकू कडाडल्या. "आता बसा निवडत. सुगंधाबाई रोज तुमची घाण अशीच निवडतात, उघड्या हातांनी!"