ओळखीचा आकार

"सर, आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलंय?"

मृण्मय केळसकरने हे जरा चढ्या आवाजातच विचारलं. वालावलकर सरांसमोर असा आवाज काढायची त्याची ही पहिलीच वेळ. पण त्या दिवशी त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या लाखभर धुरकट चित्रांमधून एखाद्या प्रथिनाचा घनाकार उभा करायला इतरांना आठवडे लागत. याचा प्रोग्रॅम ते काम चहा निवायच्या आत उरकायचा.

आणि हा काही नुसता चित्रांचा खेळ नव्हता. मज्जातंतू वाळवत नेणाऱ्या एका आजाराचं मूळ त्या प्रथिनात होतं. काही वर्षांपूर्वी याच प्रोग्रॅमने त्या प्रथिनात एक खाच दाखवली. त्या खाचेत नेमकं बसेल असं औषध तयार झालं आणि आता ते रोग्यांवर अजमावलं जात होतं. सोमवारपासून आणखी कितीतरी जणांना सुरू व्हायचं होतं, रोग जेमतेम थोपवून धरणाऱ्या जुन्या गोळ्या बंद करून.

ज्यांच्या जुन्या गोळ्या आधीच बंद झाल्या होत्या, त्यांत सरांची पत्नी होती.

सरांनी एक डिस्क टेबलावरून पुढे सरकवली.

"हेही चालवून बघ."

"नवा नमुना?"

"मीच तयार केलाय. चित्रंही मीच काढली."

मृण्मयने डिस्क जोडली. म्हाताऱ्याची शंका काही फिटत नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"आधी चित्रं उघडून बघणार नाहीस?"

"लाखभर चित्रं कोण उघडून बघतं, सर? त्यासाठीच तर प्रोग्रॅम आहे."

"एवढ्या धुरळ्यात त्याला आकार सापडतो कसा?"

"मी अंदाज आधीच देऊन ठेवतो. साधारण असा दिसेल म्हणून. मग प्रत्येक चित्रात तो तेवढंच शोधतो. इतका वेग येतो तो त्यामुळेच."

"बाकीचे का देत नाहीत?"

"भित्रे आहेत."

मृण्मयने प्रोग्रॅम सुरू केला.

पडद्यावर आधी एक गोळा आला. मग त्याला कडा फुटल्या, घड्या पडल्या, आणि मधोमध ती खाच उघडली.

"बघा!" मृण्मय खुर्चीतून उठलाच. "तीच खाच! कडा जरा मऊ आल्यात, नमुना विरळ असेल तुमचा. पण आकार तोच!"

"खात्री आहे?"

"माझ्या नावाइतकी."

सरांनी खिशातून एक छोटी डबी काढली. आत नखापेक्षाही लहान अशी तांब्याची गोल जाळी होती. नमुना अशाच जाळीवर गोठवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

"यावर मी प्रथिन घातलंच नव्हतं."

"मग काय घातलं होतं?"

"पाणी. नुसतं गोठवलेलं पाणी."

मृण्मय हसला. सर हसले नाहीत.

मग त्याने एक चित्र उघडलं. करडा धुरळा. दुसरं उघडलं. तिसरं... मग तो उघडतच सुटला. कशातच काही नव्हतं. त्याने जे शोधायला सांगितलं होतं, ते प्रोग्रॅमने धुरळ्यातून इमानाने वेचून आणलं होतं. पडद्यावर तो ओळखीचा आकार अजून सावकाश फिरत होता. मृण्मय परत खुर्चीत बसला.

"सर... म्हणजे तेव्हाची ती खाचही..."

"तेव्हाही अंदाज दिला होतास?"

त्याने होकारार्थी मान हलवली. वर बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

"तुम्ही... तुम्ही तेव्हाच का नाही विचारलंत, सर?"

"मला ती खाच हवी होती."

यंत्राची तेवढी घरघर चालू होती.

"काकू कशा आहेत?" मृण्मयने शेवटी विचारलं.

"सकाळी म्हणाली, हात हलका वाटतोय."

मृण्मयच्या जिवात जीव आला. "मग गुण येतोय, सर! खाच असेल, खरंच असेल! नाहीतर त्यांना बरं कसं वाटलं असतं?"

सरांनी डबी मिटली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"तिलाही मी आधीच सांगून ठेवलं होतं... हात हलका वाटेल म्हणून."